नोकरी धरण्यापासून सोडण्यापर्यंत: कायद्याने तुमचं काय, आणि ते कसं मिळवायचं

नोकरीतल्या हक्कांची चौकशी लोक सहसा पगार अडकल्यावर करतात. तेव्हा समोरचा माणूस, मग तो कामगार अधिकारी असो, वकील असो की युनियनचा कार्यकर्ता, आधी दोनच गोष्टी विचारतो: लेखी काय आहे, आणि हे नेमकं कधी घडलं? अन्याय झाला हे त्याला पटलेलं असतं. पण कागद नसेल तर तो सिद्ध करता येत नाही आणि मुदत उलटून गेली असेल तर सिद्ध करूनही उपयोग होत नाही. म्हणून खाली नोकरी लागल्यापासून सुटेपर्यंतचा क्रम धरला आहे. कुठल्या टप्प्यावर कोणता हक्क, कोणता कागद आणि किती दिवस, असा.

आधी कायद्याबद्दल थोडं. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या: वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२०. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. कार्यालयांत आणि वकिलांच्या तोंडी जुनी नावं अजून बराच काळ ऐकू येतील, त्यानं गोंधळून जाऊ नका. पुढचं सगळं खासगी नोकरीबद्दल आहे. सरकारी नोकरांचे सेवानियम वेगळे असतात.

पायरी १: सही करण्याआधी

नियुक्तीपत्र मागा. आता ते प्रत्येक कर्मचाऱ्याला देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. "आपल्याकडे तसली पद्धत नाही", "सहा महिने काम बघू, मग देऊ" या उत्तरांना कायद्यात जागा नाही. पत्रात पद, रुजू होण्याची तारीख, पगाराची फोड, कामाचं ठिकाण, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ आणि नोटिशीचा काळ असायला हवा. ऑफर लेटर म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे, हे लक्षात ठेवा. दोन्ही जपून ठेवा आणि प्रती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या ईमेलवर ठेवलेला कागद नोकरी सुटते त्या दिवशी तुमच्या हातून जातो.

नोटीस काळाचं कलम दोन्ही बाजूंनी वाचा. तुम्ही सोडलंत तर तीन महिने आणि कंपनीने काढलं तर एक महिना, असं सर्रास लिहिलेलं असतं. बोलायचं असेल तर ते सहीच्या आधी, नंतर कोणी ऐकत नाही.

बॉण्डबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. कोणी म्हणतं बॉण्ड म्हणजे निव्वळ धमकी, कोणी म्हणतं सही केली म्हणजे अडकलो. खरी गोष्ट मधली आहे. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही, हे कलम भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर अमुक रक्कम भरायची, हे कलम टिकू शकतं. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाख रुपयांचा असा बॉण्ड वैध ठरवला. रक्कम अवाच्या सवा असेल तर न्यायालय वाजवी नुकसानभरपाईच देतं. तेव्हा बॉण्डवर सही करताना आकडा बघा आणि तो भरायची वेळ आली तर आपल्याला झेपेल का, याचा विचार करा. शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका. तपासणीसाठी दाखवा, प्रत द्या, मूळ कागद त्याच बैठकीत परत घ्या.

पायरी २: कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण, हे ओळखा

हा टप्पा लोक हमखास वगळतात, आणि पुढची अर्धी भांडणं इथेच अडतात. संहितांमध्ये "कर्मचारी" आणि "कामगार" हे दोन वेगळे गट आहेत. कर्मचारी हा मोठा गट, त्यात व्यवस्थापकसुद्धा आला. कामगार हा त्यातला छोटा गट. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे त्यात येत नाहीत. पर्यवेक्षकाचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारेही येत नाहीत.

याचा फरक काय? पगार वेळेवर मिळणं, बेकायदा कपात न होणं, हिशेब वेळेत होणं हे वेतन संहितेतले हक्क सगळ्या कर्मचाऱ्यांना आहेत. नोकरकपातीच्या (माणसं कमी करण्याच्या) वेळची भरपाई आणि बडतर्फीविरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरणात जाणं हे फक्त कामगाराला. व्यवस्थापकाला त्यासाठी कराराच्या आधारे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

आणि इथे खरी मेख आहे: पदनामावरून काही ठरत नाही. व्हिजिटिंग कार्डावर "मॅनेजर" छापलेलं असेल, पण हाताखाली माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर काम स्वतःच करायचं, तर कायदा तुम्हाला कामगार मानू शकतो. न्यायालयं प्रत्यक्ष काम बघतात. म्हणून आपण रोज काय करतो हे दाखवणारे ईमेल, कामाचे अहवाल, वरिष्ठांच्या सूचना जपून ठेवणं शहाणपणाचं. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेऊ नका, एवढं पथ्य पाळा; नाहीतर तक्रारदार तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच, अशी गत होते.

कंत्राटदारामार्फत काम करत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्यांच्या आवारात तुम्ही राबता त्यांच्यावर, येते.

पायरी ३: पगाराची स्लिप वाचायला शिका

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. सोबत वेतनचिठ्ठी, कागदावर किंवा ईमेलने. ती दर महिन्याला उतरवून घ्या.

चिठ्ठीत पहिली नजर मूळ पगारावर टाका. मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवायचे, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम) कमी बसते, ही जुनी युक्ती. नव्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवास यांसारखे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. समजा एकूण ४०,००० रुपये आहेत, त्यात मूळ पगार १४,००० आणि भत्ते २६,०००. अर्धे म्हणजे २०,०००. भत्ते त्याहून ६,००० ने जास्त, म्हणून ग्रॅच्युइटीसारख्या हिशेबांसाठी तुमचं वेतन १४,००० नव्हे तर २०,००० धरलं जाईल.

मग कपाती बघा. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. दंडाला तर वेगळी मर्यादा आहे: वेतनाच्या ३ टक्के, तोही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, आणि तो हप्त्याहप्त्याने किंवा ९० दिवस उलटल्यावर वसूल करता येत नाही. उशिरा आलात म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला, अशी तक्रार फार ऐकू येते. गैरहजर राहिलेल्या वेळेचे पैसे कापता येतात, पण वीस मिनिटांच्या उशिराला चार तास कापायचा आधार विचारायला हवा. विचारा, आणि ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर "आज आपलं असं बोलणं झालं" असा दोन ओळींचा ईमेल तुम्हीच टाका. पुढे हाच पुरावा होतो.

एकाच किंवा सारख्याच कामासाठी बाई आहे म्हणून कमी पगार देणं बेकायदा आहे. हे सिद्ध करणं अवघड जातं, कारण पगार सांगायला कोणी तयार नसतं.

पायरी ४: पीएफचं पासबुक स्वतः उघडा

मालकाच्या शब्दावर सगळ्यात जास्त विश्वास इथे ठेवला जातो आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच होतो. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. तुमच्या वेतनातून १२ टक्के, मालकाकडून १२ टक्के. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, त्यासाठी सध्या १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरतात, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये. बाकीचं तुमच्या खात्यात. नोकरीची सुरुवातच १५,००० च्या वरच्या वेतनाने होत असेल आणि आधी कधी पीएफचे सदस्य नसाल, तर सदस्यत्व सक्तीचं नसतं, हेही माहीत असू द्या.

करायचं काय? यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा ओळख क्रमांक, सुरू करून घ्या. तो आयुष्यभर एकच असतो, नोकरी बदलली तरी नवा काढू देऊ नका. मग दर दोन-तीन महिन्यांनी ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर पासबुक बघा. मालकाने आधीच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात नोंद नाही, तर ही साधी दिरंगाई समजून सोडून देऊ नका. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, तशी तरतूद भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. स्लिप आणि पासबुक शेजारी ठेवून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारशी जुळतंय का, हे पहिल्याच महिन्यात तपासा. एका अक्षराच्या फरकाने पुढे दावे अडतात आणि तोवर जुनी कंपनी फोन उचलेनाशी झालेली असते. ई-नामांकनही भरून टाका. सदस्याचा सेवेत असताना मृत्यू झाला तर वारसाला ईडीएलआय योजनेतून सात लाखांपर्यंत विमा मिळू शकतो, त्यासाठी तुमच्या पगारातून एक रुपयाही जात नाही. बहुतेक घरांना हे ठाऊकच नसतं.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याचा मोह आवरा आणि खातं वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर बसू शकतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, हाही बघा. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि त्यात कुटुंबाचा औषधोपचार येतो. आजारपणाच्या रजेत ठरावीक अटींवर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ईएसआय लागू नसेल आणि कामावर अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, आता यात धरला जातो. दाव्याची मुदत दोन वर्षं.

पायरी ५: तास, सुट्टी, रजा

कामगारासाठी दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. त्यापुढच्या कामाला तुमची संमती लागते आणि दुप्पट दराने पैसे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. ही सुट्टी आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती मागून घ्यावी लागली होती हे विसरायला होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून केलेल्या आग्रहानंतर १८९० मध्ये ती मिळाली.

वर्षात १८० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. तीस दिवसांपर्यंतची शिल्लक पुढच्या वर्षात नेता येते. दुकानं आणि कार्यालयांसाठी राज्याचा वेगळा कायदा असतो, त्यात किरकोळ रजा आणि सणाच्या सुट्ट्यांचे नियम सापडतील. हजेरीच्या यंत्राचे किंवा ॲपचे फोटो अधूनमधून काढून ठेवा. ओव्हरटाइमच्या भांडणात नेमकं तेच लागतं.

रात्रपाळी स्त्रियांना करता येते, पण संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, त्यापुढे १२ आठवडे. त्या रजेत असताना कामावरून काढणं बेकायदा.

पायरी ६: लैंगिक छळ झाला तर

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्याने याची वाट आखून दिली आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. समितीच नसणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. दहाहून कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. शिकाऊ, इंटर्न, कंत्राटी, सगळ्या स्त्रियांना हा कायदा लागू आहे, आणि कामानिमित्तचा प्रवास, कंपनीची गाडी हीसुद्धा कामाची जागाच.

मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी द्या, तारखा आणि साक्षीदार लिहा, संदेश पुसू नका. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी, आणि त्या काळात दोघांपैकी एकाची बदली किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. "खोटी ठरली तर तुमच्यावरच कारवाई होईल" असं कोणी घाबरवलं तर कायदा वाचून दाखवा. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असं धरता येत नाही, असं त्यातच लिहिलं आहे.

पायरी ७: "राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू"

हे वाक्य बंद खोलीत, सहसा शुक्रवारी संध्याकाळी ऐकवलं जातं. समोर छापील राजीनामा असतो आणि दहा मिनिटांत सही हवी असते. "रेकॉर्ड खराब होईल" ही भीती दाखवली जाते. सही करू नका. "मला वाचायला वेळ हवा, सोमवारी कळवतो" एवढंच बोलून बाहेर या. स्वतःहून दिलेला राजीनामा म्हणजे नोकरकपात नव्हे, आणि नोकरकपात नसेल तर भरपाईही नाही. कंपनीला ती सही एवढी घाईने का हवी असते ते इथे कळतं.

दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या ईमेलवरून कळवा: अमुक वाजता अमुक लोकांनी बोलावून सही घेतली, हा राजीनामा माझ्या इच्छेने नाही, मी कामावर हजर राहायला तयार आहे. महिनाभराने लिहिलेलं हेच पत्र निम्मं वजन गमावतं.

कंपनीला खरंच माणसं कमी करायची असतील, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचं वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात सरकारची आगाऊ परवानगीही लागते. आरोप ठेवून काढायचं असेल तर आरोपपत्र, चौकशी, तुमचं म्हणणं, हे टप्पे टाळता येत नाहीत. चौकशीच्या काळात निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार, आणि उशीर तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के.

पायरी ८: शेवटचा हिशेब

"फुल अँड फायनल ४५ दिवसांत होईल" हे उत्तर सगळीकडे ठरलेलं आहे. वेतन संहिता म्हणते, राजीनामा असो, बडतर्फी असो की नोकरकपात, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. शेवटच्या दिवशी ईमेल टाका: देय पगार, शिल्लक रजेचे पैसे, खर्चाची बिलं, ग्रॅच्युइटी, अनुभवपत्र. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पोच घ्या. "माझं काहीही येणं बाकी नाही" अशा कागदावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका.

ग्रॅच्युइटीचं गणित घरी करून बघा: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. वेतन २६,००० आणि सेवा सात वर्षं असेल तर १५,००० गुणिले ७, म्हणजे १,०५,०००. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं आठ महिने झाले असतील तर आठने गुणा, १,२०,००० येतील. कमाल मर्यादा २० लाख. सहसा पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नाही, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षाच्या सेवेवरही ती प्रमाणात मिळते. पैसे ३० दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासह.

पायरी ९: तक्रार

आधी कंपनीला लेखी मागणी, सात किंवा पंधरा दिवसांची मुदत देऊन. ईमेलसोबत स्पीड पोस्टही करा. उत्तर आलं नाही तर वाटा वेगळ्या होतात. पगार आणि कपातीचा दावा वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे, तीन वर्षांच्या आत. माहिती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मिळेल. तिथे थकीत रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे, तेव्हा "आमच्याकडे पुरावा नाही" म्हणून घरी बसू नका. पीएफसाठी ईपीएफओ, ईएसआयसाठी ईएसआयसी.

बडतर्फीविरुद्ध कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढून टाकल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षं होती, आणि जुन्या आठवणीवर सल्ला देणारे अजून तीनच सांगतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना नियुक्तीपत्र, स्लिपा, बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक आणि सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून न्या, सोबत एका पानावर घटनाक्रम लिहून ठेवा. मूळ कागद कुठेच जमा करू नका, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.